आसारी धरणारी



भोगी, संक्रांत, कर. आपल्या येवल्यात तिन्ही दिवस पतंग. आमच्या गच्चीवर पतंग भाऊ उडवायचा, आसारी मी धरायचे. तो म्हणाला की ढील द्यायची, म्हणाला की गुंडाळायचं. पतंग काटला की कौतुक त्याचं.

गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेत आल्बुकर्कीचा बलून महोत्सव पाहिला. १९७२ साली १३ बलूननी सुरू झालेल्या या महोत्सवात आता शेकडो बलून उडतात. बलूनला सुकाणू नसतं. तिथे कधी कधी खालचा वारा दक्षिणेला वाहतो आणि वरचा उत्तरेला. मग पायलट नुसती उंची बदलत निघाल्या जागेजवळ परत येतो.

माझं लक्ष मात्र जमिनीवर होतं. तिथे प्रेक्षकांना बलूनच्या अगदी जवळ जाता येतं. पंख्याने हवा भरताना काहीजण कापडाचं तोंड उघडं धरून उभे होते. बलून उडाला की हेच लोक गाडीने त्याच्या मागे जातात. त्यांतल्या एका बाईंना विचारलं, “तुम्हाला कधी उडायला मिळालं?”

“मागितलं त्या दिवशी.”

मी कधी मागितलंच नव्हतं. ऑफिसातही कोड माझा असायचा, सादरीकरण दुसऱ्याचं. परतल्यावर पहिल्यांदा म्हटलं, “या वेळी मी करते.”

उद्या संक्रांत. साधा सुती मांजा आणलाय, नायलॉनचा नाही. पतंग मी उडवणार. सगळे गच्चीवर या.

आसारी धरायला भाऊ येतोय.