परत वर जाण्याचा सराव

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



वैमानिक घडविणाऱ्या आम्हा प्रशिक्षकांना रुग्णालयाच्या व्यासपीठावर पाचारण व्हावे, याचे प्रथम आम्हास नवल वाटले. येथील भूलतज्ज्ञांनी त्याचा उलगडा केला. श्वासनळीत नळी बसत नसेल, तर तोच प्रयत्न पुनःपुन्हा न करता थांबून रुग्णास प्राणवायू देण्याचा सराव ते पुतळ्यावर करतात. आमच्या शिक्षणात त्याच जातीचा एक धडा आहे. त्याला ‘मिस्ड अप्रोच’ म्हणतात.

ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे उतरताना वैमानिकास एक निर्णयाची उंची ठरवून दिलेली असते. ‘आयएलएस’च्या सर्वसाधारण प्रकारात ती जमिनीपासून सुमारे २०० फूट असते. तेथवर येऊनही धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरण्याचा विचार सोडावयाचा. इंजिनास पूर्ण शक्ती द्यावयाची, नाक वर घ्यावयाचे, विमान चढू लागल्याची उपकरणांवर खात्री करून मग फ्लॅप व चाके आत घ्यावयाची, ठरलेला मार्ग धरावयाचा आणि त्यानंतर नियंत्रण मनोऱ्यास कळवावयाचे. नवशिके बहुधा कळविण्यापासूनच आरंभ करतात!

हा क्रम पाठ करणे सोपे आहे. परंतु अंधारात वेग एकाएकी वाढला की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. नाक फारच वर गेले असे वाटते आणि हात ते खाली दाबू पाहतो. २३ ऑगस्ट २००० च्या रात्री बहरीन येथे गल्फ एअरचे एअरबस विमान उतरणे सोडून परत वर जात असता समुद्रात कोसळले व त्यातील सर्व १४३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत या भ्रमाचाही उल्लेख झाला.

मनाची अडचण याहून अवघड. २२ मे २०१० रोजी सकाळी मंगळूरला दृश्यमानता चांगली होती. पण एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान फार उंचावरून येत होते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटले, तरी उतरणे चालूच राहिले. चाके टेकल्यावर पुन्हा वर जाण्याचा प्रयत्न झाला, तो फार उशिरा. १५८ जण प्राणास मुकले.

आमच्याकडूनही चूक झालेली आहे. पूर्वी आम्ही विद्यार्थ्यास आधीच सांगत असू की, आता परत वर जावयाचे आहे. आणि तो सफाईने जात असे. एकदा मात्र सांगितले नाही. बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर घातलेला हुड तसाच ठेवला. तो हुशार मुलगा ‘आता दिसेल’ या आशेवर २०० फुटांखालीही उतरत राहिला. नियंत्रण आम्हास घ्यावे लागले. तेव्हापासून आम्ही आधी सांगत नाही.

अशा प्रत्येक फेरीत इंधन जळते, आणि जमाखर्चाच्या पानावर तिच्यासमोर मांडण्यासारखे काही नसते. येथील भूलतज्ज्ञ व परिचारिकांच्या सरावाचेही तसेच. देणगीदारांनी त्या तासांचा हिशेब अवश्य मागावा. मात्र किती रुग्ण तपासले हे न विचारता, सरावात परिचारिकेने ‘डॉक्टर, थांबा’ म्हटल्यावर डॉक्टर थांबले का, एवढे विचारावे.

सभेनंतर भूलतज्ज्ञ तो पुतळा आम्हास दाखविणार आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी आमच्यासोबत यावे.