जुन्या प्रोजेक्टरची डागडुजी

पडद्यावर चित्र हलते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते हलत नसते. एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे एकामागून एक येतात. प्रत्येक चित्र क्षणभर अगदी निश्चल उभे राहते, आणि ते बदलत असताना शटरची पाती प्रकाश अडवून धरतात. म्हणजे प्रोजेक्टरचे खरे कसब फिल्म चालविण्यात नसून ती थांबविण्यात आहे. हे थांबणे डळमळले, की यंत्राला म्हातारपण आले असे समजावे.

दिल्लीतील द्वारकेसारख्या नव्या उपनगरात वाढलेल्या मुलाला हे सांगूनही पटावयाचे नाही. त्याने पाहिलेल्या चित्रपटगृहात फिल्म नाही, तिची भोके नाहीत आणि ती ओढणारे दातेरी चाकही नाही. परंतु महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजवाल्यांना हे ज्ञान पोटासाठी मिळवावे लागले. सातारा जिल्ह्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरे, तेव्हा मोकळ्या रानात तंबू उभे राहत आणि ट्रकवर बसविलेल्या प्रोजेक्टरमधून रात्रभर खेळ चालत. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जाताना यंत्राला रस्त्याचे धक्के बसत, आणि मुक्कामी पोचल्यावर धूळ तर पाचवीलाच पुजलेली. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या अनुबोधपटात या जगाचे अखेरचे दिवस टिपलेले आहेत. त्यात टॉकीजवाल्यांच्या बरोबरीने एक प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीरही दिसतो, आणि ते योग्यच झाले. कारण त्याच्यावाचून तंबू उभा राहून उपयोग काय?

या कारागिरीचे कूळ मोठे आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी विलायती यंत्र विकत घेण्याची ऐपत नसताना स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्र उघडून पाहावे, त्याचे वर्म ओळखावे आणि गावातल्या लोहार-सुताराच्या हत्यारांनी ते पुन्हा उभे करावे, हाच तो वारसा होय.

आता प्रोजेक्टरचे वर्म कोठे असते ते पाहू. एका तेलाने भरलेल्या डबीत चार खाचांचा एक पोलादी तारा असतो. शेजारच्या चाकावरील खुंटी प्रत्येक फेऱ्यात त्याच्या एका खाचेत शिरते, त्याला पाव फेरा फिरविते आणि बाहेर पडते. पुढची खुंटी येईपर्यंत तारा जागच्या जागी जखडलेला राहतो. ताऱ्याच्याच शाफ्टवर सोळा दातांचे छोटे चाक असते. पाव फेरा म्हणजे चार दात, चार दात म्हणजे एक चित्र. तीन तासांच्या खेळात या ताऱ्याला दोन लाख एकोणसाठ हजार वेळा झटका बसतो. पोलाद झाले तरी ते झिजणारच!

झीज किती झाली म्हणजे जास्त झाली? पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील जुन्या पद्धतीचे चित्र सुमारे एकवीस मिलिमीटर रुंदीचे असते. ते वीस फुटी पडद्यावर पसरले, की जवळजवळ तीनशे पट मोठे होते. यंत्रात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका ढिलेपणा आला, तर पडद्यावर नायिकेचे नाक तीन सेंटिमीटर नाचते.

येथे बहुतेक ऑपरेटर एक सोपा आणि घातक उपाय करतात. गेटमध्ये फिल्म दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा ते आवळतात. चित्र काही काळ स्थिर होते खरे. पण दाबलेली फिल्म ओढण्यासाठी दातांना अधिक जोर लावावा लागतो, भोकांच्या कडा फाटू लागतात आणि दात दुपटीने झिजतात. ही काटकसर नव्हे. यंत्राचा खर्च फिल्मच्या नावे मांडणे आहे. चित्र जेमतेम स्थिर राहील इतकाच दाब ठेवावा, त्याहून तिळभर अधिक नको.

जाणता कारागीर स्प्रिंगेला हात लावण्यापूर्वी दात पाहतो. झिजलेला दात एका बाजूने आकड्यासारखा आत खचलेला असतो, कारण फिल्म ओढण्याचे काम त्याची एकच बाजू करते. दुसरी बाजू जवळजवळ कोरी राहते. अनेक यंत्रांत हे चाक उलटे करून बसविता येते. खिळी काढावी, चाक फिरवावे, पुन्हा खिळी ठोकावी. कोऱ्या बाजूला काम लागते आणि पैसाही खर्च होत नाही. मात्र खिळी ठोकताना शाफ्टच्या खाली भक्कम आधार हवा. तो वाकला, तर वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट हातचे जातील.

शाफ्ट ज्यात फिरतो ती बुशे झिजली, तर लेथवाल्याकडून गनमेटलची नवी करून घेता येतात. फायबरचे गिअर दात गाळतात तेव्हा लोक चिडतात, पण ते मऊ केलेले असतात तेच मुळी पोलादी जोडीदाराआधी तुटावेत म्हणून. त्यांच्या जागी ‘टिकाऊ’ पोलादी गिअर बसविणारा शहाणा पुढे सबंध यंत्र मोडून बसतो. गेटच्या पट्ट्यांवर फिल्मचा चिकट थर साचतो. तो पितळेच्या किंवा लाकडाच्या पट्टीने काढावा, पोलादी चाकूने कधीही नव्हे. तेलाविषयी वेगळे सांगावयास नको, इतकेच की ते ताऱ्याच्या डबीत हवे, फिल्मच्या वाटेवर नको.

एक भाग मात्र स्वस्तात घडविण्याच्या नादी लागू नये, आणि तो म्हणजे तारा व त्याची खुंटी. येथे कानस चालली, की चारही खाचा सारख्या राहत नाहीत आणि दर चौथे चित्र उडी मारते. चित्रपटगृहे डिजिटल झाल्यावर कितीतरी प्रोजेक्टर वजनावर भंगारात गेले. त्याच जातीचे एखादे मोडके यंत्र मिळवून त्यातला शाबूत तारा काढून घेणे, हाच येथे खरा स्वस्त मार्ग.

पूर्वी टॉकीजवाल्याची रीळ फाटली, तर तिची दुसरी प्रत मागविता येई. आज जुन्या मराठी चित्रपटाची हाती आलेली प्रत कदाचित शेवटची असेल, आणि एका झिजलेल्या चाकाने एका रात्रीत तिची भोके फाडली, तर ती पुन्हा कोठून आणणार? आणि १९५० च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फिल्म तर घरच्या यंत्रावर चढवूच नये; ती पेटली की पाण्यानेही विझत नाही.

म्हणून दुरुस्ती संपल्यावर अनुभवी माणूस मूळ रिळाला हात लावीत नाही. दोन-तीनशे फूट रद्दी फिल्म घेऊन ती तो पाच-सहा वेळा यंत्रातून फिरवितो. मग दिव्यासमोर धरून भोकांच्या कडा भिंगातून पाहतो, काठावरून हलकेच नख फिरवितो. कोठे खरखर लागली, तर पुन्हा गेट उघडतो.