गोधडीला वेळ कुठून काढायचा?

(मंडळाच्या महिला शाखेतर्फे वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हाला निरोप दिला की, पंधरा मिनिटे बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा. आजवर या दिवशी आम्ही स्त्रीशिक्षणावर बोललो, हिंदू कोड बिलावर बोललो, व्यसनमुक्तीवर बोललो. यंदा आम्ही गोधडीवर बोलणार आहोत. मागच्या रांगेतले काही बंधू आताच हसले. हरकत नाही. सभागृहाच्या भिंतीलगत दोऱ्यांवर टांगलेल्या अकरा गोधड्या, सात दुपटी, बाळांच्या लोकरी टोप्या आणि क्रोशाचे रुमाल आपण येताना पाहिलेच असतील. हे सारे या तीन महिन्यांत आपल्याच वस्तीतल्या बायकांच्या हातून झाले आहे. पाहणाऱ्या प्रत्येकाने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "एवढा वेळ मिळाला कुठून?" बायकांनी विचारला तेव्हा त्यात हेवा होता. पुरुषांनी विचारला तेव्हा कौतुकाबरोबर थोडी शंकाही होती की, मग घरी भाकऱ्या वेळेवर झाल्या की नाही! भाकऱ्या वेळेवर झाल्या, हे आधीच सांगून टाकतो.

आषाढी पौर्णिमेच्या आधी आम्ही पंधरा-वीस जणी बसलो आणि आपापला दिवस कागदावर मांडला. पाणी, डबे, पोरांची शाळा, लोकल किंवा बस, नोकरी, परत येताना भाजी, परत स्वयंपाक, सासूबाईंची औषधे. वेळ असा कुठेच दिसेना. मग आमच्यातल्या एका आजींनी विचारले, "आणि वाट बघण्यात किती जातो गं?" हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत, क्लासच्या दारात पोर सुटेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मालिका संपून घरातली माणसे जेवायला उठेपर्यंत. हे सगळे जोडले तर कुणाचाच रोजचा अर्धा तास कमी भरला नाही. काहींचा तास भरला.

आता या अर्ध्या तासात काय होते? हिशेब सोपा आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी घेतली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर ठेवले, तर सगळ्या ओळी मिळून ३८४ फूट दोरा चालतो. इंचाला तीन टाके धरले तर टाके होतात तेरा हजारांच्या वर. आकडा ऐकून आमचे हातपाय गळाले होते. पण चार पदरांच्या जाड गोधडीतही सरावलेला हात अर्ध्या तासात सहा फूट सहज जातो. म्हणजे चौसष्ट दिवस. वर्षावास तीन महिन्यांचा. मध्ये पाहुणे, ताप, सणवार धरूनही गोधडी आश्विन पौर्णिमेला घडी घालून ठेवता येते. अकरा जणींना ते जमले. सहा जणींना जमले नाही, त्यांच्या गोधड्या अजून घरी आहेत, आणि त्या सहाजणींनाही आम्ही आज इथे पुढे बसवले आहे.

एक अनुभवाची गोष्ट सांगतो. कोणते काम कुठल्या वेळेला जुळते हे ओळखले पाहिजे. गोधडी घर सोडून जात नाही. तिला जमीन लागते, पाय पसरायला जागा लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ती अंथरली की घरातल्या बाकीच्यांनी भिंतीला चिकटायचे. दोन सुयांवरचे विणकाम पिशवीत मावते, पण ओळ अर्ध्यात सोडून उठले की टाके सुईवरून घसरण्याची भीती. आणि उलट-सुलट टाक्यांचा नमुना असेल तर मोजणी चुकते, मग उसवा. म्हणून ते दवाखान्याच्या बाकावर बरे. क्रोशाचे मात्र एका वेळी एकच फास मोकळा असतो. स्टेशन आले, फास थोडा लांब ओढला, आकडा पिशवीत टाकला, उतरलो. सकाळच्या गर्दीत उभे राहायलाच जागा नसते, तेव्हा तो विचार सोडा. पण दुपारपाळीवाल्या दोघींनी गाडीतच अख्खे रुमाल केले. मुंबईच्या हवेत लोकरीचे स्वेटर कोण घालणार, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या टोप्या गावी जाणाऱ्या बाळांसाठी आहेत.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. पहिल्याच बैठकीत आमच्यातली एक एम.ए. झालेली मुलगी उठली आणि म्हणाली, "बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं, चिंध्या जोडा म्हणून नाही." सगळ्या गप्प झाल्या. तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा आपल्या लोकांचा 'हक्क' म्हणून गणला जाई. दुसऱ्याचे उतरलेले लुगडे लांबून अंगावर टाकले जाई आणि ते घ्यावे लागे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना जातीची खूण पटवणारी नेसण सोडायला सांगितले, आणि त्यांनी ती सोडली. मुंबईला गिरण्यांत आलो तर तिथेही विणखात्याचे दार बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नाही, म्हणून चांगल्या पगाराच्या त्या खात्यात आपल्याला घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. कापड आणि आपण यांचा इतिहास असा आहे. तेव्हा चिंधी हातात घेताना त्या मुलीचा हात आखडला, तर दोष तिचा नाही.

पण त्याच बैठकीत वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, दुसऱ्यानं टाकलेलं कापड मी गोधडीला कधी लावलं न्हाई. माझंच लुगडं, माझ्या मालकाचं धोतर, तुझ्या बापाचा सदरा. आमच्या घामाची कापडं ती." त्या मुलीने यावर लगेच काही कबूल केले नाही. पुढच्या रविवारी ती विनयपिटकाचे भाषांतर घेऊन आली. पुढचे बरेचसे तिनेच आम्हाला वाचून दाखवले आहे, म्हणून श्रेय तिचे.

भगवंताच्या संघात चीवर कसे होते? तुकड्यांचे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातली शेते पाहिली, चौकोनी, मधे बांध, बांधांना बांध मिळालेले. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी असे चीवर बेतता येईल का? आनंदाने बेतून दाखवले आणि भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. आज विचारमंचावर भन्तेजी बसले आहेत, त्यांच्या चीवरावरचे जोड पाहा. ते मगधाच्या शेतांचे बांध आहेत. आमच्या गोधडीवरच्या ठिगळांच्या चौकटी त्यांच्या शेजारी ठेवून पाहा, मग आम्ही काय म्हणतो ते कळेल.

कौशाम्बीच्या उदेन राजाची गोष्टही तिनेच वाचली. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला, श्रमण कापडाचे दुकान मांडणार की काय! त्याने आनंदाला विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देणार. मग जुन्या चीवरांचे? अंथरुणावरच्या चादरी. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. मग जमिनीवरची आच्छादने, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडक्यांचे? ती बारीक करून मातीत मळून त्याने जमीन लिंपायची. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. हे ऐकताना आमच्या आजी हसू लागल्या. "ह्यात नवं काय?" म्हणाल्या, "आमचं लुगडं अस्संच जातं की!"

पांसुकूल चीवराचा विषय निघाला तेव्हा मात्र कुणी हसले नाही. उकिरड्यावरचे, स्मशानातले कापड धुऊन भिक्खू वापरत. तेच कापड आपल्या पूर्वजांच्या अंगावर आले. भिक्खूने ते स्वतः निवडले होते, आपल्या आजोबांना निवडायला दुसरे काही नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही यावर फार वेळ बोललो. सगळ्यांचे एकमत झाले नाही. अजूनही दोघी-तिघी म्हणतात की, गोधडी नवीन कापडाचीच करायची. त्यांनी तशी केली, ती डावीकडून तिसरी.

आता बंधूंसाठी. शिवणे हे बायकांचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी विनय उघडावा. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत सुई आहे. सुई ठेवायला नळी आणि बोटात घालायला अंगुस्तान यांना भगवंतांनी अनुज्ञा दिलेली आहे. हाड, हस्तिदंत, शिंग यांची सुईदाणी करवून घेऊ नये, एवढा बारीक नियमही आहे. कठिन म्हणजे मुळात चीवर शिवताना कापड ताणून बांधण्याची चौकट. वर्षावासानंतर मिळालेले कापड धुणे, बेतणे, शिवणे, रंगवणे सारे त्याच एका दिवसात संघाने मिळून पुरे करायचे. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर अनुरुद्ध थेरांचे चीवर शिवायला महाकाश्यप, सारिपुत्त, आनंद असे सगळे बसले आहेत आणि सुईत दोरा ओवून देत आहेत स्वतः भगवान बुद्ध. हे वाचल्यानंतरच्या रविवारी तीन बंधू आमच्यात येऊन बसले. एकाचे टाके आमच्यापेक्षा सरळ आले, कारण तो निवृत्त रेल्वे फिटर आहे आणि त्याला रेघ कळते.

एक वाद राहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असताना हातात सुई असावी की नसावी? काहींचे म्हणणे, हात कामात असला की कान उघडे राहतात, झोप येत नाही. काहींना तो ग्रंथाचा अनादर वाटला. आम्ही ठरवले की, वंदना आणि वाचन होईपर्यंत सुया डब्यात. नंतर अर्धा तास शिवत शिवत ऐकलेल्यावर बोलायचे. खरे सांगायचे तर प्रश्न या अर्ध्या तासातच विचारले गेले. वाचन संपल्यावर "काही शंका?" असे विचारले की सगळ्या खाली बघतात. गोधडी मध्ये अंथरलेली असली, सगळ्यांच्या नजरा टाक्यांवर असल्या, की बाई विचारते.

आणखी एक गोधडी आम्ही दोरीवर टांगलेली नाही. ती इथे टेबलावर घडी करून ठेवली आहे. आमच्या एका ताईंच्या आई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या पेटीत ही निघाली. कडेपासून सुरू करून आत आत येत मधले हातभर राहिले होते, सुई तशीच टोचलेली, गंजलेली. ताई म्हणाल्या, आईला वेळच मिळाला नाही, आयुष्यभर लोकांची धुणी धुतली. आम्ही ती या वर्षी पुरी करायला घेतली. आईचे टाके बारीक, आमचे मोठे, जिथे हात बदलला तिथे स्पष्ट दिसते. दोन ओळी घातल्यावर ताईंनी थांबवले. म्हणाल्या, उरलेले मीच घालीन, वेळ लागू दे. सुई आम्ही बदलून दिली आहे.

पुढच्या रविवारपासून विहाराच्या मागच्या खोलीत सायंकाळी पाच वाजता बसणार आहोत. येताना आपली सुई आणि आपल्याच घरची, धुतलेली जुनी सुती कापडे आणावीत. नायलॉनची साडी आणू नये, दोरा तिच्यावर धरत नाही. चष्मा विसरू नये.

एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!