एक मीटर लांबीचे मालवाहू जहाज

(नेर, जि. यवतमाळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नेरपासून न्हावा-शेवा बंदर सरळ रेषेत मोजले तरी पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथील शाळांतून शिकणाऱ्या अनेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. कापूस मात्र त्यांच्या घरचा आहे. वेचणी, बाजार, जिनिंग, रुईची गाठ इथपर्यंतची वाट त्यांना ठाऊक असते. त्यापुढे गाठ ‘परदेशी जाते’ एवढ्या दोन शब्दांत विषय संपतो. त्या दोन शब्दांत जे वाहन दडलेले आहे ते म्हणजे कंटेनर वाहून नेणारे जहाज. त्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती शाळेच्या आवारात, गावच्या सुताराच्या मदतीने कशी तयार करता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शालेय प्रदर्शनांतून जहाजे पुष्कळ दिसतात. थर्माकोलचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद आणि वर एखादा झेंडा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आल्यानंतर त्याची जागा पुठ्ठ्याने घेतली, एवढाच काय तो फरक. असे जहाज शोभिवंत असते. परंतु त्याची लांबी, रुंदी आणि वजन यांचा परस्परांशी काही संबंध नसतो. त्याला प्रश्न विचारला तर ते उत्तर देऊ शकत नाही. मापाने केलेली प्रतिकृती रंगाने कितीही ओबडधोबड असली तरी उत्तर देते, आणि कित्येकदा ते उत्तर करणाऱ्याच्या अपेक्षेविरुद्ध असते.

कंटेनरच्या कल्पनेमागेही कापूसच आहे. अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन हे ट्रकवाहतुकीचा व्यवसाय करीत. १९३७ साली कापसाच्या गाठी घेऊन ते न्यू जर्सीच्या धक्क्यावर आले, आणि हमाल एकेक नग उचलून जहाजावर चढवीत असताना दिवसभर खोळंबून राहिले, अशी हकीकत ते पुढे सांगत असत. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. माल पेटीत एकदाच भरावा आणि ती पेटी ट्रक, रेल्वे व जहाज यांवरून न उघडता पुढे जावी, ही ती पद्धत. न्हावा-शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, ते मुख्यत्वे याच व्यापारावर वाढले. नागपूरहून कंटेनर रेल्वेने तेथे जातात.

आता मापे. प्रमाण एकास चारशे घ्यावे. ते सोयीचे अशासाठी की आजची सर्वांत मोठी जहाजे सुमारे ४०० मीटर लांब असतात, म्हणजे प्रतिकृती बरोबर एक मीटरची होते. नमुन्यादाखल ‘एव्हर गिव्हन’ घेता येईल. मार्च २०२१ मध्ये सहा दिवस सुएझ कालव्यात आडवे अडकले होते ते हेच जहाज. त्यावरील २५ खलाशी भारतीय होते. त्याची रुंदी ५८.८ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १४.७ सेंटिमीटर. तळापासून डेकपर्यंतची उंची सुमारे ३३ मीटर, म्हणजे सव्वाआठ सेंटिमीटर. पूर्ण भारात ते सुमारे १६ मीटर पाण्यात बसते, म्हणजे प्रतिकृतीत ४ सेंटिमीटर. वीस फुटी कंटेनर १५ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद व साडेसहा मिलिमीटर उंच होतो. चाळीस फुटी कंटेनरची लांबी त्याच्या दुप्पट.

जहाजाचे धड करण्याची सर्वांत सुलभ रीत थरांची आहे. प्लायवूडच्या फळ्या एकावर एक रचावयाच्या, प्रत्येक फळीवर त्या उंचीवरील जहाजाची आकृती आखून ती करवतीने कापावयाची, सर्व थर सरसाने जोडावयाचे आणि कडेच्या पायऱ्या रंधा, कानस व काचकागद यांनी मोडून काढावयाच्या. मालवाहू जहाजाचा मधला भाग जवळजवळ पेटीसारखाच असल्याने खरी मेहनत पुढच्या व मागच्या टोकाशीच पडते. जहाजबांधणीत थरांची ही रीत जुनी आहे. लाकडी जहाजांचे कारागीर आधी लाकडी अर्धी प्रतिकृती करून तिच्यावरून खऱ्या जहाजाची मापे उतरवीत. आराखड्याचे मोल किती होते याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईत मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ हे युद्धनौकेचे काम व्हावयाचे होते. त्याचे आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले, आणि नवे आराखडे येईपर्यंत काम खोळंबले. ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली व आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

खरी कसोटी वजनाशी लागते. लांबी चारशे पटींनी कमी झाली की रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते. म्हणून वजन चारशे गुणिले चारशे गुणिले चारशे, म्हणजे ६ कोटी ४० लाख पटींनी घटले पाहिजे. पूर्ण भरलेल्या ‘एव्हर गिव्हन’चे वजन सुमारे २ लाख ६५ हजार टन, प्रतिकृतीचे म्हणून चार किलोंहून थोडे अधिक. त्यातील सुमारे २ लाख टन माल, इंधन व इतर भार, म्हणजे तीन किलोंहून किंचित जास्त. उरलेले रिकामे जहाज अवघे एक किलो!

येथेच सुताराची व विद्यार्थ्यांची पहिली फसगत होते. भरीव प्लायवूडचे धड पाच किलोंच्या वर जाते, म्हणजे भरलेल्या जहाजापेक्षाही जड. खरे जहाज आतून पोकळ असते हे वाक्य पुस्तकात वाचून जे समजत नाही ते हौदात समजते. म्हणून थर कापतानाच मधला भाग काढून टाकावा आणि कडेची भिंत अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नये.

दुसरी गंमत पेट्यांची. या जिल्ह्यात सागवान नवीन नाही. सुताराकडे त्याच्या कापट्या पडलेल्या असतात. वरील मापाचा सागवानी तुकडा साधारण ०.३९ ग्रॅम भरतो. प्रमाणाने वाढविल्यास ते होतात सुमारे २५ टन, म्हणजे भरगच्च भरलेल्या वीस फुटी कंटेनरचे वजन. निसर्गाने जणू मापच काढून ठेवले आहे. पण हे जहाज वीस हजारांहून अधिक वीस फुटी पेट्यांचे म्हणून गणले जाते. तेवढे सागवानी तुकडे ठेवू गेल्यास आठ हजारांच्या आतच तीन किलो पुरे होतात आणि पाणी खुणेच्या रेघेवर येते. मग वीस हजारांचा आकडा खोटा का? तसे नाही. दोन लाख टनांस वीस हजारांनी भागले की पेटीमागे सरासरी दहा टन येतात. जहाजावरील कित्येक पेट्या हलक्या असतात, कित्येक रिकाम्याच परत जात असतात. जाहिरातीतला आकडा जागेचा असतो, वजनाचा नव्हे, हे विद्यार्थ्याला तराजूवर कळते.

कापसाची गाठ बहुधा चाळीस फुटी पेटीत जाते. त्या पेटीसह एकूण वजनाची मर्यादा ३०,४८० किलो असते. रिकाम्या पेटीचे वजन वजा करून १७० किलोंच्या गाठींचा हिशेब केल्यास दीडशेच्या आसपास गाठी बसतात. प्रतिकृतीत या पेटीचे वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त होता कामा नये. भरीव सागवान येथे चालणार नाही, पातळ पुठ्ठ्याची पोकळ पेटीच करावी लागते.

हे सर्व पाण्यात उतरविल्यावर जड तुकडे खाली व पोकळ पेट्या वर ठेवून पाहाव्यात, नंतर हाच क्रम उलटा करावा. दुसऱ्या वेळी बोटाच्या धक्क्याने जहाज कलते आणि सावकाश परत येते, किंवा येतच नाही. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे १८४ मीटर लांबीचे जहाज कलून बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. २४ खलाशी वाचले, पण प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यांवर पसरले व मच्छीमारांच्या पोटावर आले. जहाजाचा तोल हा केवळ अभियंत्यांचा विषय नव्हे.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. लाटांचा आकार जुळण्यासाठी प्रतिकृतीचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो, हा त्याचा नियम. चारशेचे वर्गमूळ वीस. ताशी ३७ किलोमीटर वेगाचे जहाज सेकंदाला सुमारे दहा मीटर जाते. तेव्हा प्रतिकृती सेकंदाला अर्धा मीटर ओढावी. नाळेपाशी उठणारी लाट मग खऱ्या जहाजाच्या लाटेसारखी दिसते. पाण्याचे घर्षण मात्र या नियमात बसत नाही. त्याचा हिशेब फ्रूडलाही वेगळा करावा लागला. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, ज्याची स्थापना १९१६ ची, बंदरांच्या प्रतिकृती करून भरती-ओहोटी व गाळ यांचा अभ्यास करते. धक्का समुद्रात बांधल्यानंतर चूक कळण्यापेक्षा ती प्रतिकृतीत कळणे शासनाच्या तिजोरीला परवडते.

साहित्य म्हणाल तर प्लायवूड, सरस, काचकागद, पुठ्ठा, तेलरंग आणि अर्ध्या ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा तराजू. तसा तराजू शाळेत नसल्यास गावच्या सोनाराकडे असतो. शंभर तुकडे एकदम तोलून शंभराने भागले तरी चालते. रंग देण्यापूर्वी बाहेरून दोन हात वॉर्निश द्यावे, नाहीतर प्लायवूड पाणी पिते आणि सारा हिशेब बिघडतो. हौद तीन मीटर लांब व गुडघाभर खोल असला की पुरे. बहुतेक गावांत जनावरांसाठी तेवढा हौद असतोच. पंचायतीने तो एका सकाळपुरता घासून, भरून द्यावा, आणि जनावरे पाण्यावर येण्यापूर्वी जहाज बाहेर काढावे.