नवे बीटल्स?

‘नवे बीटल्स’ ही पदवी मँचेस्टरच्या ओअ‍ॅसिसला नव्वदच्या दशकात मिळाली. ती मिळवण्यात त्यांच्या स्वतःच्या बढायांचाही हात होता. १९९६च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन दिवसांत अडीच लाख माणसं त्यांना ऐकायला आली. एवढी गर्दी उगाच जमत नाही. लियम गॅलगरचा तो खरखरीत, उर्मट आवाज आणि पहिल्याच ऐकण्यात कुणालाही गुणगुणता येतील अशा नोएलच्या चाली. मला त्या आजही आवडतात.

पण तुलना करायचीच, तर पुरती करू. १९६३ साली पहिली लाँग प्ले काढणारे बीटल्स तीनच वर्षांत ‘रिव्हॉल्व्हर’पर्यंत पोचले. त्यातल्या ‘एलिनॉर रिग्बी’त गिटार नाही, ड्रम नाहीत, साथीला फक्त आठ तंतुवाद्यं. शेवटच्या गाण्यात तर चक्क तंबोरा! ओअ‍ॅसिसचा पहिला अल्बम १९९४चा. तीन वर्षांनी आलेल्या ‘बी हिअर नाऊ’मध्ये साचा तोच, गाणी मात्र लांबलेली आणि गिटारींचे थरावर थर. पुढे खुद्द नोएलनंच त्याला नावं ठेवली.

मधली काही वर्षं रिंगोचा मुलगा झॅक त्यांच्याकडे ड्रम वाजवत होता, ही आपली एक गंमत. २००९मध्ये भावाभावांत फाटलं. २०२५मध्ये ते पुन्हा एकत्र आले, तेव्हा मैदानं भरली आणि वाजली ती बहुतेक नव्वदच्या दशकातलीच गाणी.