तिन्हीसांजेचा फोटो

मागच्या भागानंतर दोघीतिघींनी विचारलं, की दिवसा चांगला फोटो देणारा कॅमेरा संध्याकाळी जनावर दिसलं की असा का रुसतो? चित्र हलतं, धूसर येतं, किंवा नुसते ठिपके दिसतात. आज त्याबद्दल बोलू. सुरुवात माझ्याच फसलेल्या फोटोपासून करते.

आमचं घर जुन्नर तालुक्यात, उसाच्या मळ्याला लागून. बिबट्या आमच्याकडे नवलाचा नाही. ऊस जवळजवळ वर्षभर उभा, पाणी हाताशी, कुत्री-शेळ्या आयत्या. मादी उसातच पिलं घालते. दोन वर्षांमागे डिसेंबरात शेजारच्या फडाला तोड आली होती. टोळी कोप्या घालून उतरली होती. बायका लेकरांना फडाच्या कडेला झोळीत निजवून मोळ्या बांधायच्या. त्याच आठवड्यात सासूबाईंना बांधावर बिबट्या दिसला. म्हणाल्या, "अगं, मागं काहीतरी बारकं हललं. पिलं असावीत." दीर म्हणाले, "आई, मांजर असंल." वनरक्षक येऊन गेले. त्यांना ठसे धड मिळाले नाहीत. म्हणाले, "ताई, गच्चीवरून फोटो मिळाला तर बघा. खाली मात्र उतरू नका."

भाच्यानं दिलेला जुना कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स घेऊन मी गच्चीवर बसले. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. ती आली, मी धडाधड फोटो काढले. खाली येऊन पाहते तर काय, पुढचं उसाचं पान लख्ख आणि मागे पिवळसर धुराचा लोट! वनरक्षकांना दाखवायचीही लाज वाटली.

चुका दोन होत्या. पहिली आयएसओची. कुणीतरी डोक्यात भरवलं होतं, की ८०० च्या वर गेलं की फोटो खराब होतो. म्हणून मी ८०० वर ठेवला. मग पुरेसा उजेड मिळवायला कॅमेऱ्यानं शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात बिबट्या पाऊल टाकतो आणि आपला हातही डुलतो. लेन्समधला हात सावरणारा स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, बिबट्याचे पाय नाही. आयएसओ दुप्पट केला की शटरचा वेळ निम्मा करता येतो. ८०० चे १६००, मग ३२००, मग ६४००. अशा तीन पायऱ्या चढलं की तिसावा भाग जवळजवळ अडीचशेवा होतो. चालतं जनावर त्यात बहुतेक वेळा थांबलेलं मिळतं.

आणि ते दाणे? रेडिओवर लांबचं स्टेशन लावून आवाज वाढवला की खरखरही वाढते ना, तसंच आहे हे. खरखर बटणानं तयार होत नाही, मुळात आवाजच क्षीण आलेला असतो. इथे उजेड क्षीण असतो. आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढला आणि मग मोबाइलवर उजळला, तर सावलीतले दाणे बहुधा जास्तच उठतात. त्यापेक्षा आधीच आयएसओ चढवावा. दाणेदार फोटोत कान, मिशा, अंगावरचे ठिपके ओळखू येतात. हललेल्या फोटोतून काहीच परत मिळत नाही.

दुसरी चूक फोकसची. ऑटोफोकस गडद आणि उजळ यांच्या सीमेवर पकड घेतो. अंधारात त्याला ती सीमा सापडत नाही, मग लेन्स घर्रघर्र पुढेमागे करत राहते. त्यातून सगळे बिंदू चालू ठेवले, तर जवळचं जे ठळक असेल ते तो धरतो. माझ्या नशिबी उसाचं पान आलं. म्हणून अशा वेळी एकच बिंदू निवडा. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात मधला बिंदू सहसा सगळ्यांत तरबेज असतो. तो पोटाच्या सपाट कातडीवर ठेवू नका, कानाच्या कडेवर किंवा चेहऱ्यावर ठेवा. जनावर चालत असेल तर सतत फोकस करणारा मोड लावा. फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्यातून उजेड टाकणारा छोटा दिवा आणि फ्लॅश दोन्ही आठवणीनं बंद करा. साठ मीटरवर त्यांचा उपयोग नाही, आणि पिलांजवळच्या मादीला बिचकवणं कुणाच्याच हिताचं नाही.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की हा कॅमेरा 'उणे ३ ईव्ही'पर्यंत फोकस करतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यात. वाचून हुरळू नका. ती चाचणी मोठ्या तोंडाच्या महागड्या लेन्सवर घेतलेली असते. आपली ५.६ ची लेन्स त्याच्या बरीच आधी हात टेकते.

मला उपयोगी पडली ती युक्ती भाच्याची. म्हणाला, "मामी, ती रोज त्याच बांधावरनं येते ना? मग उजेड असतानाच बांधावर फोकस करून ठेव आणि ऑटोफोकस बंद करून टाक." तिसऱ्या दिवशी चार वाजताच कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर तांदळाच्या पिशवीवर टेकवला, बांधावरच्या दगडावर फोकस केला आणि कळ मॅन्युअलवर सरकवली. आयएसओ ६४००, शटर अडीचशे. आणखी एक केलं. संध्याकाळ दिवसासारखी उजळ दाखवायचा कॅमेऱ्याचा हट्ट असतो, म्हणून एक्स्पोजर एका पायरीनं कमी ठेवलं. संध्याकाळ काळोखीच दिसू दे की!

सूर्य गेल्यावर आपल्याकडे दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होतो. हातात फार वेळ नसतो. ती आली, दगडापाशी थबकली, मी सात फोटो काढले. सगळे दाणेदार, जणू रवा सांडलाय. पण पाचव्या फोटोत तिच्या मागे, उसाच्या कडेला, दोन बारके चेहरे होते. दिरांनी मोठं करून पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

वनरक्षकांनी तोच फोटो मुकादमाला दाखवला. तोड फडाच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली, झोळ्या आमच्या अंगणात आल्या, आणि बांधाकडचा पट्टा शेवटपर्यंत उभा ठेवला. पिंजऱ्याची मागणी करणारेही जरा थांबले. आई पकडली तर पिलं उसातच राहतील, हे फोटो बघून त्यांना पटलं.

आठवड्याभरानं पाणी द्यायला गेलेल्या दिरांना पाटाच्या ओल्या मातीत मोठे आणि लहान ठसे दिसले, ओढ्याकडे गेलेले. त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन बसले. पण उजेड पार गेला होता, म्हणून कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.