सिद्धगडावरील पहाट

दादरला, माणसांच्या आणि वाहनांच्या अखंड वर्दळीत, वीर कोतवाल उद्यान आहे. सायंकाळी तेथे मुले खेळतात, वृद्ध मंडळी बाकांवर विसावतात. परंतु हे वीर कोतवाल कोण, असा प्रश्न त्यांना केला, तर पुष्कळांची अडचण होईल. कोतवाल सेनापती नव्हते, की शिपाईही नव्हते. ते एक सुशिक्षित वकील होते.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. कष्टाने शिकून त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. पुढे माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. अशा मनुष्याने शहरात बिऱ्हाड थाटून सुखाने संसार केला असता, तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. पण डोंगराखालच्या गावांतील शेतकरी पावसाळ्यात सावकाराच्या दारी धान्यासाठी उभा राहतो आणि सुगीत वाढीव मापाने ते फेडता फेडता पुन्हा रिकामा होतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी गावकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडल्या, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. लोक त्यांना ‘भाई’ म्हणू लागले, ते या कामामुळे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी देशातील पुढारी पकडले गेले. गांधीजींना पुण्यास आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात. पुढे काय करावे, हे सांगणारा कोणी बाहेर उरला नाही. ज्याचा त्याने निर्णय घ्यावयाचा होता. भाईंनी घर सोडले आणि ते भूमिगत झाले. त्यांच्याभोवती शेतकरी, आदिवासी आणि शिक्षक जमले. मानिवलीचे गोमाजी पाटील व त्यांचे चिरंजीव हिराजी हे बापलेकही त्यांत होते. या मंडळीचे नाव आझाद दस्ता.

सह्याद्रीच्या पायथ्याशी भिवपुरी व खोपोली येथे पाण्यावर वीज तयार होई आणि उंच लोखंडी मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईच्या गिरण्यांस व कारखान्यांस जाई. युद्धाचे पुष्कळसे साहित्य त्या विजेवर निघत असे. रात्रीच्या अंधारात मनोऱ्याचे पाय कापून तो आडवा करावयाचा, ही दस्त्याची मुख्य कामगिरी. दिवसा रानात लपावे, गावकऱ्यांनी जपून पोहोचविलेली भाकरी खावी आणि अंधार पडताच मुक्काम हलवावा, असा त्यांचा क्रम होता.

याच युद्धात इंग्लंडमध्येही काही नागरिकांना असेच शिक्षण मिळत होते. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि जर्मन सैन्य आपल्या भूमीवर उतरेल, अशी धास्ती तेथे निर्माण झाली. तेव्हा कर्नल कॉलिन गबिन्स यांच्या हाताखाली सरकारने शेतकरी, शिकारखान्याचे रखवालदार अशा सामान्य माणसांच्या गुप्त तुकड्या उभ्या केल्या. शत्रू आलाच, तर जमिनीखालील तळघरांतून रात्री बाहेर पडून त्याचे मार्ग व कोठारे उडवावयाची, हे त्यांचे काम. घरच्या माणसांसही त्याचा पत्ता लागू द्यावयाचा नव्हता. परक्याचे राज्य आपल्या भूमीवर आल्यास नागरिकाने काय करावे, याचे उत्तर त्या सरकारने स्वतःच्या देशापुरते असे दिले होते. कर्जतच्या रानात तेच उत्तर देणाऱ्या वकिलास पकडण्यासाठी मात्र त्याच राजसत्तेच्या पोलिसांनी बक्षीस जाहीर केले.

शत्रू इंग्लंडात उतरलाच नाही. १९४४ च्या अखेरीस त्या तुकड्या मोडल्या आणि माणसे आपापल्या शेतावर परतली. भाईंच्या नशिबी तसे परतणे नव्हते. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात दस्त्याचा मुक्काम असताना पोलिसांना सुगावा लागला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे गोळीबार झाला. त्यात हिराजी पाटील पडले आणि भाईही हुतात्मा झाले. भाईंच्या वयास नुकतीच तीस वर्षे पूर्ण झाली होती.

हा मार्ग बरोबर होता काय? १९४४ साली कारावासातून सुटल्यावर गांधीजींनी गुप्तता आणि मोडतोड आपल्या अहिंसेत बसत नाही असे सांगितले व भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला. ते ऐकण्यास भाई नव्हते. विचारवंतांनी या प्रश्नाचा खल अवश्य करावा. मात्र तो करताना एवढे ध्यानी ठेवावे, की ऑगस्टच्या त्या दिवसांत भाईंना विचारावयास कोणी नव्हते आणि आपल्या निर्णयाची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या पदरी टाकली नाही.

दरवर्षी २ जानेवारीस सिद्धगडाच्या हुतात्मा स्मारकापाशी थंडीत, पहाटेच्या अंधारात लोक जमतात. ज्या खेड्यांनी दस्त्याला भाकरी पुरविली, त्यांची नातवंडे-पतवंडे त्यांत असतात. त्यांना वीर कोतवाल कोण, हे सांगावे लागत नाही.